दोन छंद, एक गॅलरी आणि वडिलांचा भिजलेला रेडिओ

नमस्कार. आम्ही कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावर, दोन शयनगृहांच्या सदनिकेत राहतो. मुलगी लग्न होऊन बंगळूरला गेल्यापासून घरात आम्ही दोघेच आहोत. यजमान दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि तेव्हापासून जुने व्हॉल्व्हचे, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचे काचेच्या नळ्यांचे रेडिओ दुरुस्त करण्याचा त्यांचा कॉलेजच्या दिवसांतला छंद पुन्हा सुरू झाला. माझा छंद झाडांचा आहे. दोन्ही छंदांना हवा आणि उजेड लागतो, आणि आमच्या घरात हवा आणि उजेड एकाच ठिकाणी आहे, ते म्हणजे बैठकीच्या खोलीबाहेरची बारा फूट लांबीची गॅलरी. तिच्या एका टोकाला त्यांचे टेबल आहे, उरलेल्या भागात माझ्या एकतीस कुंड्या आहेत. गेल्या महिन्यात या गॅलरीत जे घडले ते सविस्तर लिहिते, कारण त्यातल्या काही प्रश्नांवर मला जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

मे महिन्यात वाईला नात्यातली मुंज होती. शुक्रवारी सकाळी निघून रविवारी रात्री परतायचे ठरले होते. तीन दिवस कडक उन्हात पाण्याविना मोगरा कसाबसा तग धरतो, पण पुदिना, गवती चहा आणि नुकतीच लावलेली कढीपत्त्याची रोपे माना टाकतात, हे मला अनुभवाने माहीत आहे. म्हणून मी वातीची सोय केली. तुळशीबागेतून आणलेली परकराची जाड सुती नाडी कापून तिचे चार तुकडे केले, ते भिजवून प्रत्येकाचे एक टोक पाण्याच्या बादलीत बुडवले आणि दुसरे टोक चार मोठ्या कुंड्यांच्या मातीत चार बोटे खोल पुरले. वीस लिटरची बादली कठड्याजवळ ठेवली असती तर पाणी उन्हाने तापले असते, म्हणून ती मी सावलीत, भिंतीकडच्या लोखंडी मांडणीच्या वरच्या फळीवर ठेवली. त्या फळीच्या खाली, थोडे बाजूला, यजमानांचे टेबल आहे.

टेबलावर त्या दिवशी माझ्या वडिलांचा रेडिओ होता. मर्फीचा, लाकडी पेटीचा, १९६८ साली त्यांनी घेतलेला. वडील गेल्यावर तो भावाच्या माळ्यावर वीस वर्षे पडून होता आणि या दिवाळीत तो आमच्याकडे आला. यजमानांनी चार महिने खपून त्याचे वाळलेले कॅपॅसिटर बदलले होते, तुटलेली डायलची दोरी नव्याने ओवली होती, आणि मुंजीहून आल्यावर तो पेटीत बसवायचा होता. त्यामुळे त्याचा सांगाडा पेटीबाहेर, उघडाच होता.

रविवारी रात्री साडेदहाला आम्ही दार उघडले तर घरात मिट्ट काळोख होता. जिन्यातला दिवा चालू होता, लिफ्ट चालू होती, म्हणजे इमारतीची वीज गेलेली नव्हती. मोबाइलच्या उजेडात मी गॅलरीकडे गेले आणि पाय पाण्यात पडला. मागून हे मोठ्याने म्हणाले, “अगं, थांब तिथेच! पुढे जाऊ नकोस, कशाला हात लावू नकोस.” त्यांच्या आवाजातली ती धास्ती मी पूर्वी फार तर एकदोनदा ऐकली असेल.

वितरण पेटीत सगळे एमसीबी, म्हणजे जास्त भाराला आपोआप पडणारे स्विच, वर होते, फक्त गळती ओळखणारा मुख्य स्विच, ज्याला आमचे इलेक्ट्रिशियन ईएलसीबी म्हणतात, तो खाली पडला होता. तो वर केला की लगेच पुन्हा खाली पडे. गॅलरीचा एमसीबी बंद करून, रबरी चप्पल घालून, कोरड्या हातांनी यांनी टेबलाखालच्या एक्स्टेंशन बोर्डचा प्लग भिंतीतून काढला आणि मग घरात उजेड आला. त्या उजेडात सगळा उलगडा झाला. चारपैकी एक नाडी कुंडीतून निसटली होती. तिचे मोकळे टोक फळीच्या कडेवरून खाली लोंबत होते आणि त्या टोकाखाली बरोबर रेडिओचा सांगाडा होता. बादलीत तळाशी दोन बोटे पाणी उरले होते. बाकीचे थेंबाथेंबाने रेडिओवर, टेबलावरून जमिनीवर आणि जमिनीवरच्या बोर्डात गेले होते.

वीज नेमकी कधी गेली ते सांगता येत नाही, पण शीतकपाटावरून अंदाज आला. बर्फाच्या कप्प्यात जानेवारीत सोललेले तीन किलो मटार होते, रत्नागिरी हापूसच्या रसाचे पाच डबे होते, खवा होता. सगळे पाणी सुटून कोमट झाले होते. रसाच्या एका डब्याचे झाकण आंबून फुगले होते, ते उघडताच हवा सुटल्याचा आवाज झाला. रात्री एकपर्यंत आम्ही दोघे मुकाट्याने ते सगळे बाहेर काढत होतो, फरशी पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बोललो. बोर्ड चालू का राहिला, असे मी विचारले. त्यांनी मला गॅलरीत नेऊन दाखवले. भिंतीवरचा स्विच माझ्या जास्वंदीच्या मोठ्या कुंडीमागे आहे. ती कुंडी फेब्रुवारीत तिथे आली आणि तेव्हापासून स्विचपर्यंत हात पोचत नसल्याने बोर्ड कायम चालूच राहत होता. त्यांनी ते मला कधी सांगितले नाही, कारण झाडाला तिथे चांगला उजेड मिळतो हे त्यांना दिसत होते. आणि मी बादली त्यांच्या टेबलाच्या वर ठेवते आहे हे त्यांना सांगितले नाही, कारण निघण्याच्या घाईत ते मला सांगण्यासारखे वाटले नाही. या दोन न सांगितलेल्या गोष्टींची गाठ त्या टेबलावर पडली. भांडण झाले नाही, पण मला दोन दिवस नीट झोप लागली नाही, कारण तो रेडिओ माझ्या वडिलांचा होता आणि मीच त्यावर पाणी सोडले होते.

रेडिओच्या डायलच्या काचेवर वडिलांनी कागदाची एक बारीक पट्टी चिकटवलेली होती. त्यावर निळ्या शाईने ‘पुणे’ असे लिहिलेले आणि खाली दोन उभ्या रेघा, एकमेकींना जवळजवळ चिकटून. पाण्याने ती पट्टी सुटून टेबलावर पडली होती. मी ती टिपकागदात दाबून वाळवली आहे. शाई पसरली आहे, पण अक्षर वाचता येते.

माझे प्रश्न असे आहेत. भिजलेला व्हॉल्व्हचा रेडिओ वाचवण्यासाठी काय करावे आणि काय मुळीच करू नये? वातीने पाणी देण्याची पद्धत मुळातच चुकीची आहे का? आणि लहान घरात दोघांचे असे दोन छंद असतील तर आपण जागेची व्यवस्था कशी लावता?

प्रतिसाद, सदाशिव पेठेतून

ताई, सर्वांत आधी एक विनंती, तो रेडिओ विजेला लावून पाहण्याचा मोह यजमानांना काही आठवडे आवरायला सांगा. मी चाळीस वर्षे हे काम हौसेने करतो आहे. भिजलेल्या रेडिओचे खरे नुकसान पाण्याने जेवढे होते त्याहून अधिक घाईने वीज दिल्याने होते. ट्रान्सफॉर्मरच्या वेढ्यांमधल्या कागदात ओल मुरलेली असते. वरून तो कोरडा ठणठणीत दिसतो आणि वीज देताच आतून जळतो.

नळाच्या पाण्यात क्षार असतात आणि ते वाळले की पांढरट थर मागे राहतो, जो पुन्हा दमट हवेत ओल धरतो. म्हणून आधी व्हॉल्व्ह काढून ठेवावेत, जोडण्यांवरचा थर मऊ कुंचल्याने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढावा. डायलच्या काचेवरच्या छापील अक्षरांना मात्र अल्कोहोल लावू नये, अक्षरे निघून येतात. स्पीकरचा कागदी शंकू ओला असताना त्याला बोट लावू नये, फाटतो. लाकडी पेटीही भिजली असेल तर ती उन्हात ठेवू नका, वरचा पातळ लाकडी पापुद्रा सुटतो, सावलीत पंख्याखाली ठेवा. सांगाडा एका खोक्यात ठेवून आत साठ वॅटचा पिवळा बल्ब थोड्या अंतरावर लावून रोज चारपाच तास कोमट हवेत ठेवला तर तीन ते चार आठवड्यांत ट्रान्सफॉर्मर बहुधा वाळतो. तांदळात पुरण्याचा उपाय लोक सांगतात, त्याने काही साधत नाही, उलट पिठाची धूळ आत जाते.

वाळल्यावर मेगरने, म्हणजे असा रोध मोजणाऱ्या उपकरणाने, वेढे आणि सांगाडा यांमधला रोध मोजावा. तो समाधानकारक असेल तरच पुढे जावे आणि तेही थेट नाही, तर शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे रेडिओकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेतच, लावून. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे असे समजून लगेच बंद करावे. हे यजमानांना माहीत असेलच, पण घरात दुसऱ्या माणसालाही माहीत असावे असे मला वाटते.

प्रतिसाद, बिबवेवाडीतून

मी शाळेत विज्ञान शिकवत असे, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. वातीची पद्धत चुकीची नाही, बादलीची उंची चुकली. सुती नाडीतले बारीक धागे पाणी वर ओढून घेतात आणि बादलीच्या कडेवरून पलीकडे नेतात. नाडीचे टोक मातीत असते तोवर माती आपल्या गरजेइतकेच पाणी ओढते आणि ओली झाली की तो ओघ मंदावतो. पण तेच टोक हवेत मोकळे झाले, आणि ते बादलीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली लोंबत असले, तर ती नाडी वक्रनलिकेसारखे, म्हणजे सायफनसारखे, काम करते. पाण्याच्या वजनानेच पाणी खाली येत राहते आणि पातळी त्या टोकाइतकी उतरेपर्यंत थांबत नाही. आपल्या बादलीत दोन बोटेच पाणी उरले ते याच कारणाने. नाडी कुंडीतून कशी निसटली, वाऱ्याने की कबुतरांनी ओढून, याला फारसे महत्त्व नाही, कारण नाडी कधीतरी निसटणारच असे धरूनच रचना करायला हवी.

बादली कुंड्यांपेक्षा खाली ठेवावी. मग नाडीला पाणी वर चढवावे लागते. सुती नाडी साधारण वीतभर उंचीपर्यंत ते काम नीट करते, त्यापुढे पाणी पुरेसे पोचत नाही. म्हणून बादलीऐवजी पसरट घमेले किंवा टब घेऊन त्यात विटा मांडाव्यात, विटांवर कुंड्या ठेवाव्यात आणि कुंडीच्या तळाच्या भोकातून नाडी खाली पाण्यात सोडावी. नाडी सुटली तरी पाणी घमेल्यातच राहील. डासांचा विचार करून घमेले वरून झाकावे, विशेषतः पावसाळ्याच्या तोंडावर.

आणखी जुना उपाय म्हणजे मातीचे मडके. कसब्यातल्या कुंभारवाड्यात छोटी, न रंगवलेली मडकी मिळतात. मोठ्या कुंडीत ते गळ्यापर्यंत पुरावे, पाण्याने भरावे आणि तोंड पणतीने झाकावे. मडक्याच्या अंगातून पाणी झिरपते आणि भोवतालची माती सुकली तरच जास्त झिरपते. मे महिन्यातही मोठ्या कुंडीला तीनचार दिवस सहज पुरते.

धागालेखिका

आपल्या दोघांचेही मनापासून आभार. ‘निसटणारच असे धरून’ हे शब्द मी यजमानांना वाचून दाखवले. ते म्हणाले की रेडिओ दुरुस्त करतानाही त्यांना हेच शिकवलेले होते, उघड्या सांगाड्यावर काम करताना एक हात पाठीमागे ठेवायचा, कारण कधीतरी बोट चुकीच्या जागी लागणारच, आणि लागले तर प्रवाह एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे छातीतून, जाता कामा नये. एकतीस वर्षांच्या संसारात मी त्यांना पाठीमागे हात ठेवून काम करताना अनेकदा पाहिले आहे. ती त्यांची लकब आहे असे मी समजत होते.

मडकी काल आणली. सहा आणली, त्यातली दोन पुदिन्याच्या लांबट कुंडीत पुरली आहेत.

प्रतिसाद, हडपसरमधून

मी विद्युत अभियंता आहे आणि मला या सगळ्या हकिगतीत सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की तो ईएलसीबी वेळेवर पडला. हल्ली घरोघरी असतो त्याचे नेमके नाव आरसीसीबी. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहात फरक पडला की तो ओळखतो, आणि घरगुती वापराचा साधारण ३० मिलिअँपिअर गळतीला तुटतो. एमसीबी एवढ्याशा गळतीला कधीच पडत नाही, त्याला जास्त भार किंवा शॉर्ट लागतो. आरसीसीबी नसता तर ओला बोर्ड दोन दिवस तसाच चालू राहिला असता आणि आपण काळोखात नव्हे, उजेडात त्या पाण्यात पाय ठेवला असता. मटार आणि रस गेला याचे वाईट वाटणे साहजिक आहे, पण त्या स्विचने आपले काम चोख केले.

आता दोन गोष्टी करून घ्याव्यात. त्या स्विचवर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे, लगेच पडला पाहिजे. कित्येक घरांत ते बटण बसवल्यापासून कोणी दाबलेले नसते. दुसरे म्हणजे सगळ्या घराला एकच आरसीसीबी असल्याने गॅलरीतल्या गळतीने शीतकपाट बंद पडले. इलेक्ट्रिशियनला सांगून गॅलरीच्या सर्किटला वेगळा आरसीबीओ लावता येतो, त्यात एमसीबी आणि गळतीचे संरक्षण दोन्ही एकत्र असते. हे सर्किट मुख्य आरसीसीबीच्या मागून न घेता स्वतंत्र घ्यायला हवे, नाहीतर दोन्ही एकदम पडू शकतात. काही लोक वारंवार पडतो म्हणून आरसीसीबी काढूनच टाकतात किंवा त्याला वळसा घालून जोडणी करतात. कृपा करून कोणीही तसे करू नये.

एक साधी गोष्टही सांगतो. बाहेरगावी जाताना बर्फाच्या कप्प्यात वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक नाणे ठेवून जावे. परत आल्यावर नाणे वरच असेल तर बर्फ वितळला नव्हता. नाणे तळाशी जाऊन पुन्हा गोठलेले असेल तर मधल्या काळात सगळे वितळून गेले होते आणि ते अन्न टाकून द्यावे, दिसायला कितीही चांगले असले तरी.

प्रतिसाद, औंधमधून

आम्हा दोघांच्या लग्नाला तीन वर्षे झाली. मी घरी पाव करतो, पत्नी कशिदा काढते आणि दोघांचे सामान एकाच फडताळात असे. मागच्या उन्हाळ्यात आंबवणाची बरणी मी घट्ट झाकण लावून वरच्या कप्प्यात ठेवली. उकाड्यात पीठ जोरात फसफसले, वायूला वाट मिळाली नाही आणि काच फुटून सगळे खालच्या कप्प्यातल्या तिच्या साडीवर पडले. सात महिने ती त्या पदरावर काम करत होती. पीठ वाळण्याआधी गार पाण्यात भिजवल्यामुळे कापड वाचले, पण काचेच्या कपच्यांनी दोन जागी रेशीम तुटले. त्या दोन जागा तिने पुन्हा भरल्या, आणि त्या तिने मला दाखवून भरल्या, मी शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होतो. तेव्हापासून बरणीला सैल झाकण असते आणि ती ओट्यावरच असते. आपली हकिगत वाचून ते सारे आठवले, म्हणून लिहिले.

प्रतिसाद, सातारा रस्त्यावरून

मत थोडे वेगळे आहे, राग नसावा. व्हॉल्व्हच्या रेडिओत अडीचशे व्होल्टपर्यंत दाब असतो आणि बंद केल्यावरही तो कॅपॅसिटरमध्ये काही काळ साठून राहतो. जिथे रोज झारीने पाणी घातले जाते अशा गॅलरीत हे काम व्हावे हेच मला पटत नाही. जागा कशी वाटून घ्यावी हा प्रश्न नंतरचा. पाणी आणि वीज या दोन गोष्टी एका जागेत नकोत, आणि त्यात एकाला माघार घ्यावी लागली तरी ती घ्यावी.

धागालेखिका

राग मुळीच नाही, आपण लिहिलेत ते आम्ही दोघांनी बसून वाचले. खरे तर पहिल्या आठवड्यात मी स्वतःच म्हणाले होते की कुंड्या गच्चीवर हलवते. आमच्या इमारतीत गच्चीवर झाडे ठेवायला परवानगी आहे. यांनी त्याला नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की मी सकाळी साडेसहाला झाडांना पाणी घालते आणि ते सातला टेबलावर बसतात, मधला अर्धा तास आम्ही दोघे तिथे चहा घेतो आणि दिवसभरात निवांत बोलण्याची आमची ती एकच वेळ आहे. कुंड्या गच्चीवर गेल्या तर ती वेळ जाईल.

म्हणून आम्ही असे केले आहे. टेबल गॅलरीतून काढून बैठकीच्या खोलीत, गॅलरीच्या दारालगत आणले. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली, त्यामुळे उजेड मिळतो आणि बोलताही येते. टेबलाची वीज आतल्या भिंतीतून घेतली. बोर्ड जमिनीवर न ठेवता टेबलाच्या कडेला स्क्रूने बसवला आणि त्याचा स्विच बसल्या जागी हाताशी आला. गॅलरीत आता विजेची एकही वस्तू नाही, तिथल्या स्विचला झाकणाचा बाहेरचा डबा बसवला. जास्वंदीची कुंडी दोन फूट सरकवली. झाडाने आठवडाभर पाने पिवळी केली, मग सावरले.

आणखी एक गोष्ट ठरवली, ती मला या सगळ्यात सर्वांत उपयोगाची वाटते. बाहेरगावी निघताना माझी झाडे ते तपासतात आणि त्यांचे टेबल मी तपासते. स्वतःच्या कोपऱ्यात आपण इतके रुळलेले असतो की चालू राहिलेला लाल दिवा आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याला तो चटकन दिसतो. त्यासाठी मला त्यांच्या कामातले थोडे शिकावे लागले. कॅपॅसिटर कोणता, तो रिकामा कसा करायचा, तो रिकामा झाला हे मीटरवर कसे पाहायचे, हे त्यांनी मला दाखवले आणि मी स्वतः करून पाहिले. त्यांनाही आता कोणत्या कुंडीत बोट घालून ओल पाहायची आणि कोणत्या झाडाला कोरडे राहिलेलेच चालते ते कळते.

प्रतिसाद, नारायण पेठेतून

माझे यजमान घड्याळे दुरुस्त करत. जाऊन सहा वर्षे झाली. त्यांच्या टेबलाला मी कधी हात लावत नसे, त्यांना आवडणार नाही असे वाटे. त्यांच्यामागे खणात अकरा उघडी घड्याळे निघाली आणि कोणते कोणाचे, कोणते सुटे भाग कोणत्या घड्याळाचे, हे मला सांगता आले नाही. आपण शिकून घेता आहात ते फार चांगले करता आहात.

प्रतिसाद, सदाशिव पेठेतून

पुन्हा मीच. ‘पुणे’ लिहिलेल्या पट्टीवरच्या दोन रेघांविषयी लिहायचे राहून गेले होते. पुण्याचे आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. आपल्या वडिलांनी रेडिओ १९६८ मध्ये घेतला. त्या काळी आपल्याकडे मीडियम वेव्हवर केंद्रांमधले अंतर १० किलोहर्ट्झचे असे. नोव्हेंबर १९७८ पासून आशिया, युरोप आणि आफ्रिकेत ही केंद्रे ९ किलोहर्ट्झच्या पटीतल्या जागांवर नेण्यात आली. पुण्याचे ७९२ किलोहर्ट्झ हे बरोबर ९ गुणिले ८८ होतात. अनेक केंद्रांच्या जागा तेव्हा डायलवर काटा केसभर सरकवावा इतक्याच हलल्या. त्यामुळे आपल्या वडिलांनी पहिली रेघ रेडिओ घेतला तेव्हा आणि दुसरी १९७८ नंतर मारलेली असावी. इतक्या बारकाईने खूण बदलणारा माणूस रोज ऐकणारा असणार.

धागालेखिका

आपला हा प्रतिसाद वाचल्यावर मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. वडिलांचा हात कापत असे म्हणून एक रेघ चुकून दुसरी मारली, असे आम्ही भावंडे आजवर समजत होतो. १९७८ मध्ये त्यांचा हात मुळीच कापत नव्हता. सकाळच्या प्रादेशिक बातम्या लागल्या की दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून ते रेडिओजवळ येऊन उभे राहत, ते आठवले.

भावाला फोन करून सांगितले. तोही गप्प झाला.

धागालेखिका, पाच आठवड्यांनंतर

अनेकांनी चौकशी केली म्हणून पुढचे लिहिते. आपण सांगितल्याप्रमाणे सांगाडा बल्बच्या उबेत चार आठवडे ठेवला. पाऊस सुरू झाल्याने हवा दमट झाली होती, म्हणून यजमानांनी एक आठवडा वाढवला. मेगरने मोजल्यावर ट्रान्सफॉर्मर चांगला निघाला. गेल्या शनिवारी संध्याकाळी व्हॉल्व्ह परत बसवून, सिरीजमध्ये बल्ब लावून वीज दिली. स्विच मी दाबला, हे मीटरकडे पाहत होते. बल्ब उजळला आणि दोन श्वासांत मंद झाला. अर्ध्या मिनिटाने व्हॉल्व्हच्या आत नारिंगी तारा दिसू लागल्या आणि डायलच्या कोपऱ्यातला, केंद्र नीट लागले की नाही ते दाखवणारा हिरवा डोळा हळूहळू उघडला. स्पीकरमधून मंद घुमल्यासारखा आवाज आला. म्हणजे आवाजाचा भाग शाबूत आहे.

केंद्र मात्र एकही लागत नाही. शोधल्यावर असे निघाले की एका आयएफटीच्या, म्हणजे ४५५ किलोहर्ट्झवर चालणाऱ्या त्या छोट्या पत्र्याच्या डबीतल्या, केसासारख्या तारेवर हिरवा गंज चढून ती तुटली आहे. डबी उघडून यांनी मला भिंगातून ते टोक दाखवले. तपकीर गल्लीत चार दुकाने फिरलो, तिथे हल्लीचे सुटे भाग मिळतात, एवढे जुने मिळाले नाहीत. एका वृद्ध दुकानदारांनी जुन्या बाजारात पाहायला सांगितले. तो बुधवारी आणि रविवारी भरतो. येत्या रविवारी सकाळी लवकर जाऊन एखादा मोडका, त्याच जातीचा रेडिओ मिळाला तर त्यातली डबी काढून घ्यायची असे ठरले आहे. नाहीच मिळाली तर तुटलेली तार भिंगाखाली डाख देऊन जोडून पाहणार आहेत.

पट्टी माझ्या वहीत आहे. काचेवर जिथे ती होती तिथे डिंकाचा पुसट डाग उरला आहे, पण तेवढ्यावरून केसभर अंतर ठरवता येणार नाही. यांच्याकडे सिग्नल जनरेटर, म्हणजे हव्या त्या किलोहर्ट्झची लहर निर्माण करणारे उपकरण, आहे. रेडिओ सुरू झाला की त्यावर ते ७९२ लावणार आहेत, काटा मी फिरवायचा आणि आवाज सर्वांत स्वच्छ येईल तिथे थांबून पट्टी अशी चिकटवायची की दुसरी रेघ बरोबर काट्याखाली यावी. डिंक मी आणून ठेवला आहे.